करीचं मटण आणि भावाची ‘सुविधा’

मावशी, नमस्कार.

माझं सासर आर्वीजवळच्या एका लहान गावात आहे. घरात आम्ही दोघं, सासूबाई, मामाजी म्हणजे सासरे आणि दोन लेकरं. माझा धाकटा भाऊ पुण्याला हिंजवडीत नोकरीला आहे. राखीला आला तेव्हा ओवाळणीत त्यानं सू-वीदचं यंत्र आणलं. जाड दांड्यासारखं असते, गंजाच्या काठाला अडकवायचं आणि आकडा लावायचा, मग पाणी बरोबर तेवढंच गरम राहते. अन्न पन्नीत हवाबंद करून त्या पाण्यात सोडायचं. श्रावण चालू होता म्हणून मी आधी आलू आणि तुरीची डाळ लावली, 65 अंशांवर चार तास. डाळ खड्यासारखी राहिली. आलू नंतर कुकरात टाकले तरी कचकच लागले. मग पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मटण लावलं, भावानं सांगितल्याप्रमाणे 60 अंशांवर तीन तास. मसाला कच्चा आणि मटण रबर. मामाजींना कवळी आहे, त्यांनी तुकडा चावून ताटाच्या कडेला ठेवला. शेवटी सासूबाईंनी सगळं कुकरात ओतलं आणि जेवायला चार वाजले. तेव्हापासून त्या यंत्राला ‘असुविधा’ म्हणतात. आल्यागेल्याला सांगतात, “गरम पान्यात पन्नी बुडवून मटन शिजते काय ओ माय?”

भाऊ आता भाऊबीजेला येईल आणि पहिलं हेच विचारेल. त्याचं म्हणणं, कुकर जुनाट झाला, त्यात अन्नाचं सत्त्व जळते. खरं कोणाचं? यंत्र निकामी आहे की मलाच जमलं नाही? एवढ्या कमी गरम पाण्यातलं मटण बाधणार नाही ना? आणि बिल किती येईल?

– एक सून

पोरी,

‘असुविधा’ वाचलं आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. एवढं नेमकं नाव मला गृहविज्ञान शिकवण्यात तीस वर्षं घालवूनही सुचलं नसतं.

तुझी चूक नाही आणि यंत्रही धडधाकट आहे. चुकला तो आकडा, आणि त्यातही भावानं खोटं सांगितलं असं नाही. त्याचा आकडा दुसऱ्याच जनावराचा होता.

60 अंश आणि दोन-तीन तास, हे गणित परदेशातल्या कोवळ्या, बिनहाडाच्या, पाठीवरच्या मांसाचं. त्या भागाला जनावर आयुष्यभर फारसं कामाला लावत नाही. तू आणलास तो बोकड दिवसभर धुऱ्याबंधाऱ्यांनी हिंडलेला, नाल्याकाठी बोरीच्या फांद्यांवर पुढचे पाय टेकून चरलेला. खाटीक त्याचा खांदा, मांडी, नळी, चाप असं सगळं मिसळून तोडून देतो. जो अवयव जास्त राबतो त्यात चिवट पांढरे पडदे आणि शिरा जास्त. त्यांना कोलॅजन म्हणतात. ते विरघळून त्याचं जिलेटिन झालं की मटण मऊ पडते. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी गंजात चरबीखाली लिबलिबीत थिजलेला पाहतेस ना, ते हेच जिलेटिन.

हे विरघळायला वेळ किती लागतो ते सगळं उष्णतेवर. 60 अंशांवर दिवस-दोन दिवस. उकळत्या पाण्यात, म्हणजे 100 अंशांच्या आसपास, दोन-तीन तास. चुलीवर गंजात मटण शिजवणाऱ्या बाया सकाळी नऊला सुरुवात का करत, ते यावरून कळेल. आणि कुकरात अर्धा तास. तू तीन तास दिलेस, म्हणजे मांस वरून शिजलं आणि आतल्या दोऱ्या जशाच्या तशा राहिल्या. रबर लागणारच. मामाजींच्या कवळीचा काही दोष नाही.

मसाला कच्चा का लागला? कांदा, लसूण, तिखट यांना तेलात तडतडायला, लाल व्हायला कढईची आच लागते, साधारण 140 अंशांच्या पुढची. पन्नीतलं पाणी 60 वर. लसूण तिथं दिवसभर पडून राहिला तरी कच्चाच राहतो. आपल्याकडचं मटण मुळात फोडणीचं मटण. भिवापुरी मिरची, खसखस, भाजलेलं खोबरं, कांदा हे सगळं आधी तेलात परतून तेल सुटल्याशिवाय तर्री येत नाही. पन्नीत फोडणी होत नाही, तू कितीही जपून केलंस तरी.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या घरातल्या भांडणाची गाठ मला तिथंच दिसते.

ही पद्धत हॉटेलात गाजली ती फ्रान्समध्ये, 1974 च्या सुमाराला. रोआन नावाच्या गावी त्रवाग्रो बंधूंचं नावाजलेलं हॉटेल होतं. तिथं हंस-बदकाचं चरबीदार यकृत शिजवताना त्यातली चरबी वितळून जायची आणि वजन घटायचं. एवढा महाग माल, आणि निम्मा भांड्याच्या तळाशी. जॉर्ज प्रालू नावाच्या आचाऱ्यानं ते प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून कमी गरम पाण्यात शिजवून पाहिलं, तर घट फारच कमी झाली. म्हणजे या सगळ्या खटाटोपाचा जन्मच मांसातला रस मांसातच राहावा म्हणून झाला. मांस साधारण 65 अंशांच्या पुढं गेलं की त्याचे तंतू आक्रसतात आणि ओलं फडकं पिळल्यासारखं पाणी बाहेर टाकतात. फ्रान्समधल्या माणसाच्या ताटात तो तुकडा कोरडा आणि एकटा बसलेला असतो. त्यातलं पाणी गेलं तर त्याचं जेवणच गेलं.

आपल्या ताटात तुकडा एकटा असतो का? आपल्याकडं मटणातलं पाणी रस्श्यात उतरावं म्हणूनच तर ते शिजवतात. हाडातली नळी, चरबी, जिलेटिन, सगळं रस्श्यात. त्यात ज्वारीची भाकर कुस्करायची आणि मग तुकडे मोजायचे. घरात सात माणसं आणि मटण एक किलो असलं तर जेवण रस्श्यावरच पार पडते. तुझ्या सासूबाईंना हे कोणी शिकवलं नाही, पण त्यांना ते माहीत आहे. पन्नीतून निघालेला वाटीभर रस पाहून त्या काय म्हणाल्या असतील, याचा मला अंदाज आहे.

म्हणून मटणापुरता निकाल कुकरच्या बाजूनं, आणि मला त्यात जरासाही संकोच नाही. मामाजींसाठी 75 अंशांवर वीस-चोवीस तास ठेवून यंत्रातही बोटानं तुटेल असं मटण होते, ते मी पाहिलं आहे. पण चोवीस तास सलग लाइट ठेवायला तू पुण्यात राहत नाहीस. विजेचं पुढं बोलू.

भाऊ कुकरला जुनाट म्हणतो. वयानं म्हणशील तर खरंच जुनं आहे. 1679 मध्ये डेनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं लंडनमध्ये झाकण आवळून बंद केलेलं भांडं दाखवलं, आणि ते फुटू नये म्हणून वाफ सोडणारी झडपही त्यानंच बसवली. 1682 मध्ये त्यानं रॉयल सोसायटीच्या विद्वानांना त्यातलं जेवण घातलं. कडक हाडं चीजसारखी मऊ झालेली पाहून पाहुणे थक्क झाले, असं एकानं रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. म्हणजे तुझ्या सासूबाईंचं यंत्र भावाच्या यंत्राहून तीनशे वर्षं मोठं. दोन्हींच्या जन्मात फ्रेंच हात आहे, हे भावाला जरूर सांग.

आत घडते ते इतकंच. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांवर उकळते आणि खाली कितीही जाळ केला तरी त्याच्या वर जात नाही. चिखलदऱ्याला तर 96 च्या आसपासच उकळते, तो गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटर उंच आहे ना. कुकरात वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि शिट्टीचं वजन उचललं जाईपर्यंत आतलं पाणी 120 अंशांपर्यंत चढते. दर दहा अंशांना शिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो असं धरलं तर वीस अंशांत चौपट. दोन तासांचं काम अर्ध्या तासात उरकते ते असं.

आणि बाई, शिट्ट्या मोजणं सोड. मी कॉलेजात पोरींना हेच सांगत आले आणि घरी जाऊन त्या पुन्हा शिट्ट्याच मोजत. गॅस मोठा असेल तर दहा मिनिटांत सहा शिट्ट्या होतात, बारीक असेल तर एकच. पहिली शिट्टी झाली की आच बारीक कर, आणि घड्याळ पाहा. नंतर मोठ्या आचेनं आतली उष्णता वाढत नाही, फक्त पाणी आणि गॅस उडतो. मटणाला तिथून वीस-पंचवीस मिनिटं, म्हाताऱ्या गावरान कोंबडीला अर्धा तास. बंद केल्यावर वाफ आपोआप बसू दे. नळाखाली धरून किंवा चमच्यानं शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं पाणी एकदम खदखदते आणि मांसातला उरलासुरला ओलावाही घेऊन जाते.

सत्त्व जळते म्हणतो भाऊ, तर जळण्याएवढी आच कुकरात नसतेच, पाणी आटेपर्यंत. काही जीवनसत्त्वं उष्णतेनं कमी होतात, ‘क’ सगळ्यांत जास्त, पण तीच भाजी उघड्या भांड्यात तासभर उकळून पाणी फेकलं तर त्याहून जास्त जातात. कुकरातलं पाणी आपण वरणात, रस्श्यात पिऊनच टाकतो.

डाळीचं मात्र तुझ्या पत्रामुळं मला हसू आलं, कारण श्रावणाची अडचण मला समजते. यंत्र नवीन, हात शिवशिवतात आणि घरात मटणाला पंधरा दिवस बंदी. पण डाळ 65 अंशांवर चाळीस तास ठेवली असतीस तरी शिजली नसती. दाण्याच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या डिंकानं, आणि तो सुटायला 85 अंशांच्या वर जावं लागते. आलूचं तर उलटंच होते. साठ-पासष्ट अंशांवर तासभर ठेवला की त्याच्या आतलं एक रसायन जागं होऊन तो डिंक आणखी घट्ट करते, आणि नंतर उकळलास तरी तो कचकच लागतो. तुझ्या कुकरचा त्यात दोष नव्हता.

राजमा या यंत्रात कधीच लावू नको. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं एक विष असते. ते खळखळ उकळल्यावरच मरते, आणि कमी उष्णतेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो. वाल, बरबटी, चणे, वाटाणे सगळे कुकरातच. तुमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात डाळ नीट शिजत नसेल तर चिमूटभर खायचा सोडा टाक, आणि चिंच-आमसूल शिजल्यावरच टाक. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याकडच्या बायांना हे सांगावं लागत नाही.

डाळीचा विषय निघाला म्हणून माझी फजिती सांगते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी कुकर डाळीनं गळ्यापर्यंत भरला आणि पाहुण्यांशी बोलत बसले. डाळीला फेस येतो, तो शिट्टीच्या नळीत जाऊन बसला, शिट्टी झाली नाही, आणि शेवटी झाकणावरचा सुरक्षेचा व्हॉल्व्ह उडाला. छतावर पिवळा गोल. वायगावची हळद ती, चुना दिल्यावरही दोन पावसाळे दिसायची. कुकरचा काही गुन्हा नव्हता, सगळा माझा होता. डाळ असेल तर अर्ध्याच्या वर भरू नको, आणि झाकण लावण्याआधी नळीतून उजेडाकडं पाहा, आरपार दिसलं पाहिजे.

आता तुझा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, बाधेल का. कमी उष्णतेवर जंतू मरतात, पण त्यांना पुरता वेळ द्यावा लागतो. 60 अंशांच्या वर आणि पुरेसा वेळ असला तर कोंबडीही सुरक्षित होते. धोका आहे तो खालच्या अंशांत. साधारण पाच ते साठ अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात, आणि कोमट पाण्यातली हवाबंद पन्नी ही त्यांची जत्राच. यंत्र चालू आहे तोवर ठीक. लाइट गेली की खरी परीक्षा.

आपल्याकडं लाइट जाते, यावर मी आणखी काय लिहू. कधी वादळानं, कधी डीपी जळाला म्हणून, कधी कोणालाच ठाऊक नसलेल्या कारणानं. माझ्या घरी मी दहा लिटर पाण्याचा झाकलेला गंज मोजून पाहिला, तर लाइट गेल्यावर तासाभरात दहा-बारा अंश उतरले. म्हणजे 65 वर लावलेलं अन्न अर्ध्या तासातच धोक्याच्या पट्ट्यात येते. शिवाय काही यंत्रं लाइट परत आली तरी आपण बटण दाबेपर्यंत गप्प बसून राहतात. इन्व्हर्टरवर लावायचा विचार करू नको, पाणी तापवताना हे यंत्र हजार वॉटच्या घरात खाते आणि घरातला साधा इन्व्हर्टर मान टाकतो.

माझा नियम कडक आहे. मांस पाण्यात सोडून रात्री झोपायचं नाही आणि वावरात जायचं नाही. घरी आहोत, डोळ्यासमोर आहे, तेवढेच तास. अर्ध्या तासाच्या आत लाइट आली नाही तर पन्नी फोडून सगळं कुकरात. दोन तास झाले असतील, किंवा कधी गेली तेच माहीत नसेल, तर फेकून दे. जीव हळहळतो, मला माहीत आहे. कुकरात टाकलं की सगळं मरते असं सासूबाई म्हणतील आणि बव्हंशी खरं आहे, पण काही जंतू मरण्याआधी जे विष सोडून ठेवतात ते उकळूनही जात नाही. आणि शिजलेली पन्नी ओट्यावर ठेवून संध्याकाळी खाऊ म्हणायचं नाही. लगेच खा, किंवा बर्फाच्या पाण्यात थंड करून फ्रिजमध्ये टाक. मे महिन्यात, टाकीतलं पाणीच चाळीस अंशांचं निघते तेव्हा, हे थंड करणं किती जमेल ते तूच ठरव. माझ्या घरी यंत्र उन्हाळ्यात माळ्यावर जाते.

पन्नी किराण्याची पातळ घेऊ नको. अन्नासाठीची जाड झिपवाली मिळते ती घे. तोंड थोडं उघडं ठेवून हळूहळू पाण्यात उतरव, पाणीच दाबून हवा बाहेर काढते, मग झिप लाव. हवा काढायचं वेगळं मशीन घ्यायची गरज नाही, भावाला ते आणायला सांगू नको. बिलाचं म्हणशील तर वर झाकण ठेवलंस तर चोवीस तासांत तीन-चार युनिट, तासा-दीड तासाला एक युनिटही नाही. झाकण नसेल तर वाफेवाटे जास्त जाते, आणि पाणी खुणेखाली उतरलं की यंत्र बंदच पडते.

मग एवढं सगळं असताना यंत्र ठेवायचं कशाला? माझ्याकडं ते तीन कामांना आहे.

एक, अंडी. पन्नी लागत नाही, कवच हीच पन्नी. 64 अंशांवर पूर्ण एक तास. पांढरं जेमतेम धरलेलं आणि बलक श्रीखंडासारखा दाट होतो. मीठ-मिरेपूड टाकून भाकरीच्या तुकड्यावर फोडायचं. मामाजींच्या कवळीला यात काहीच काम नाही. तासापेक्षा लवकर काढू नको, म्हाताऱ्या माणसाला कच्चं अंडं नको.

दुसरं, ब्रॉयलर कोंबडीच्या छातीचा तुकडा. गावरान नव्हे, तिला कुकर. ब्रॉयलरची छाती कुकरात सुतासारखी कोरडी होते, कारण तिच्यात विरघळायला कोलॅजन फारसं नसते आणि सुटायला पाणी भरपूर. इंचभर जाडीचा तुकडा, मीठ आणि हळद लावून, 65 अंशांवर दीड तास. काढून फडक्यानं कोरडा पुस आणि कडकडीत तापलेल्या लोखंडी तव्यावर शेंगदाण्याच्या तेलात एकेक मिनिट दोन्हीकडून. हा तवा चुकवू नको, भाजल्याचा वास पन्नीतून येत नाही. फोडणीचा मसाला वेगळा परतून बाजूला दे. लेकरं खातील, लिहून देते.

तिसरं सासूबाईंसाठी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि दही लागत नाही. बाया डबा गोधडीत गुंडाळतात, पिठाच्या कोठीत ठेवतात, चुलीजवळ ठेवतात, आणि सकाळी झाकण काढलं की दूधच. विरजणातल्या जंतूंना 42-43 अंश लागतात, आणि नेमका तेवढा आकडा रात्रभर धरून ठेवणं हे या यंत्राचं खरं कौशल्य. दूध उकळून कोमट कर, विरजण लाव, काचेच्या बरणीत भर, झाकण लाव, बरणीच्या खांद्यापर्यंत पाणी, 43 अंश, सहा-सात तास. यात लाइट गेली तरी भीती नाही. फार तर उशिरा लागेल.

भावाबद्दल एक शब्द. त्यानं बहिणीचं काम हलकं व्हावं म्हणून पैसे खर्च केले, त्याला पाहुण्यांसमोर ‘असुविधा’ ऐकवू नकोस. पण ‘खूप वापरते रे’ असंही खोटं सांगू नको. 60 अंशांचं मटण फसलं हे सांग आणि का फसलं तेही, त्यालाही ते माहीत नसावं. पोरगं खानावळीत जेवते ना? आणि सासूबाईंना हरवायला जाऊ नकोस. करीच्या दिवशी चार वाजता का होईना, जेवण त्यांनीच वाढलं.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री थंडी पडली असेल तर त्यांना न सांगता यंत्रात दही लाव. सकाळी बरणी त्यांच्याच हातानं उघडू दे. जेवायला मटण कर, कुकरातलं, फोडणी सासूबाईंच्या हातची, वरून चिरलेला हिरवा सांभार. भावाला अंडी करायला बसव, त्याचंच यंत्र आहे, एक तास ओट्यापाशी उभा राहू दे.

आणि कुकरचं गॅस्केट दाबून पाहा. कडक झालं असेल, कडेनं वाफ जात असेल, तर ते वर्षा-दीड वर्षानं बदलायचंच असते. बाजाराच्या दिवशी आर्वीला जाशील तेव्हा जुनं सोबत घेऊन जा, नाहीतर दुकानदार ‘हेच बसते’ म्हणून भलत्या मापाचं गळ्यात मारतो.

– तुझी मावशी